पेव्हर ब्लॉक बसवायची अवजारं: मुठीला रबर चढवलं की झालं का?

लाकडी_दांडा

नमस्कार मंडळी,
हातअवजारं बनवायचं छोटं वर्कशॉप आहे माझं, आजवर बहुतेक सुतारकामाची केली. आता पेव्हर ब्लॉक आणि फरशा बसवणाऱ्यांसाठी चार वस्तू करायचं डोक्यात आहे. रबरी हातोडा, थापी, बसलेला ब्लॉक उपसायचा आकडा आणि मोठी फरशी उचलायचा चिमटा. 'अर्गोनॉमिक', म्हणजे वापरताना शरीराला त्रास होऊ नये अशी, असं छापलेली बरीच अवजारं आणून उघडून बघितली. मुठीवर रबर, बोटांसाठी खाचा, भडक रंग, आणि आत तेच जुनं अवजार. वजन तेच, लांबी तीच, डोकं तेच. असलं काही करून विकायची माझी इच्छा नाही.

ज्यांनी हे काम केलंय, करवून घेतलंय किंवा या लोकांचे हात-पाय-पाठ बघितलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा. मूठ किती जाड, किती लांब, हातोडा किती वजनाचा, दांडा लाकडी की फायबरचा. आणि मुख्य म्हणजे या कामात माणूस नेमका कुठे मोडतो? कारण दुखतं कुठे हे माहीत नसताना मुठीचा आकार काढत बसलो तर कागदावर सुंदर चित्र होईल आणि वस्तू कोपऱ्यात पडून राहील.

ओळंबा

दादा, प्रश्न चांगला विचारलात. पण हातोड्याच्या आधी गुडघ्याचं बघा.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. माणूस बसलेल्या ब्लॉकवर गुडघे टेकून असतो, तोंड पुढच्या कचीकडे, म्हणजे ब्लॉकखाली पसरलेल्या दगडाच्या चुरीकडे. ती कच पट्टीने सारखी करून ठेवलेली असते, तिच्यावर पाय द्यायचा नाही, दिला की खड्डा पडला आणि तिथला ब्लॉक पुढे खाली बसणार. म्हणून सगळं काम पुढे वाकून, हात लांब करून. डाव्या हाताने बाजूच्या थप्पीतला ब्लॉक घ्यायचा, आधी बसलेल्या ब्लॉकच्या अंगाला घासून खाली सोडायचा म्हणजे सांधा आपोआप राहतो, वरून कचीवर आपटायचा नाही. मग एक ठोका बाजूला दोरीच्या ओळीत आणायला, एक वरून. झालं की पुढचा. बघणाऱ्याला वाटतं किती सोपं आहे, पण ते एकच चक्र दिवसभर फिरत असतं हो, आणि त्यात हातोडा हातात असतो तो थोडाच वेळ. बाकी सगळा वेळ हातात ब्लॉकच असतो.

अजून एक. बाजूचा ठोका बरेच जण हातोड्याने मारतच नाहीत. तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग असतो ना, त्यानेच धक्का देतात. हातोडा उचला, मारा, ठेवा, एवढा वेळ कोण घालवणार. मी पण तसंच करत आलो, सगळेच करतात. तुम्हाला खरंच अवजार करायचं असेल तर असं करा की ते हातातून खाली ठेवावंच लागणार नाही.

मणका_सरळ

ओळंबाकाका, तळहाताच्या धक्क्याचं सांगितलंत ते फार मोलाचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बांधकामावरची माणसं नेहमी बघते, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते.

तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून एक रक्तवाहिनी आणि एक नस जाते, तिथे हाडाचा एक छोटा आकडा आहे आणि वरून मांसाची गादी फार पातळ आहे. तो भाग हातोडीसारखा वापरत राहिलं की रक्तवाहिनीची भिंत खराब होते, आत गुठळी होऊ शकते आणि मग करंगळी-अनामिका थंड पडतात, मुंग्या येतात, बोटं पांढरी पडतात. वैद्यकशास्त्रात याला हायपोथेनार हॅमर सिंड्रोम असं नावच आहे. माणूस येतो तेव्हा म्हणतो बोटं बधिर होतात, हवा लागली असेल. हवा वगैरे काही नाही, तो धक्का आहे. कुणाची बोटं अशी पांढरी पडत असतील तर शेक घेत बसू नका, डॉक्टरकडून रक्तपुरवठा तपासून घ्या.

आता पाठ. सगळे ब्लॉकच्या वजनाबद्दल बोलतात. २०० बाय १०० मिमीचा, ६० मिमी जाडीचा ब्लॉक साधारण पावणेतीन किलोचा भरतो. पण माणूस कमरेत वाकतो तेव्हा त्याला स्वतःचं डोकं, हात आणि धडही तोलून धरावं लागतं, आणि ते शरीराच्या वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या कमरेवर पावणेतीन किलोच्या ब्लॉकबरोबर ४० किलोचा तो स्वतःच लटकलेला असतो, आणि तोही पुढे कललेला. कमरेच्या स्नायूंची मणक्यापासूनची लीव्हर जेमतेम ५-६ सेंटीमीटर, भार मात्र कितीतरी लांब पुढे. मग हातोडा १०० ग्रॅमने हलका केला तर कमरेला काय फरक पडणार? पण एखाद्या अवजारामुळे माणूस २० अंश कमी वाकला तर तिथे खरा फरक पडतो.

म्हणून दांडादादा, मूठ करा, जरूर करा, पण अवजाराची लांबी आणि ते वापरताना माणूस कुठल्या अवस्थेत असतो ते आधी ठरवा.

गुण्या

+१ ताईंना.

वजनाचा हिशोब मांडूनच टाकतो, कारण कंत्राट घेणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. वरच्या मापाचे ब्लॉक चौरस मीटरला ५० बसतात. म्हणजे चौरस मीटरला १३५ ते १४० किलो माल हातातून जातो. ४० चौरस मीटर काम झालं तर २००० ब्लॉक आणि साडेपाच टन. ८० मिमीचा ब्लॉक घेतला तर एकेक ३.७ किलोच्या आसपास, तिथे टन अजून वाढले. हे सगळं एका हाताच्या बोटांनी. आणि हा नुसता बसवणाऱ्याचा हिशोब आहे, ट्रकमधून उतरवून थप्पी लावणारा वेगळा, तिथून बसवणाऱ्यापर्यंत आणून देणारा वेगळा.

यंत्रकार

मी मशीन डिझाइनमध्ये आहे, हातअवजारांच्या मापांवर थोडं काम केलंय. गुण्या यांच्या हिशोबावरूनच एक गोष्ट सांगतो जी सहसा कुणी बोलत नाही: या कामात सगळ्यात जास्त वेळा धरलं जाणारं 'अवजार' म्हणजे ब्लॉकच. आणि त्याची मूठ वाईट आहे. ब्लॉकची रुंदी १०० मिमी. दोन्ही बाजूंनी दाबून धरायच्या वस्तूंसाठी (पक्कड, चिमटा वगैरे) मूठ पूर्ण उघडल्यावर ९० मिमीच्या आत आणि मिटल्यावर ५० मिमीच्या वर असावी असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ब्लॉक मुळातच त्याच्या बाहेर गेला. शिवाय तो मुठीत धरता येत नाही, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या, म्हणजे चिमटीची पकड. चिमटीत आपली ताकद मुठीच्या साधारण पावपट. वरून सिमेंटची धूळ, खरखरीत कडा, बोटांची कातडी झिजलेली.

त्यामुळे ब्लॉक धरायचं काहीतरी करता आलं तर ते कुठल्याही हातोड्यापेक्षा जास्त कामाचं ठरेल.

आता मागितलेली मापं. जोर लावायच्या गोल मुठीचा व्यास ३२ ते ५१ मिमी. बारीक कामाच्या अवजाराचा ६ ते १३ मिमी. मुठीची लांबी किमान १०० मिमी, १२५-१५० असेल तर उत्तम. १०० पेक्षा आखूड झाली की मुठीचं टोक तळहाताच्या मधोमध रुततं, बाजारातल्या निम्म्या थाप्यांना हाच रोग आहे. हातमोजे घालून काम असेल तर लांबी अजून थोडी वाढवा. हातोड्याची मूठ गोल करू नका, लंबगोल करा. गोल दांडा हातात फिरतो आणि फिरू नये म्हणून माणूस उगाच आवळून धरतो. लंबगोल असला की न बघता कळतं तोंड कुठल्या दिशेला आहे.

नवा_गडी

बोटांच्या खाचांबद्दल कुणीतरी सांगा ना. मला तर हातात घेतल्यावर मस्त वाटतं ते, पकड घट्ट बसते असं वाटतं. त्यात वाईट काय आहे?

वाळूचाळणी

नवा_गडी, तुमच्या हाताच्या मापाची असेल म्हणून मस्त वाटतं. माझ्या हातात घेऊन बघा. मी या कामावर सुपरवायझर आहे, त्याआधी स्वतः कच पसरणं, सांधे भरणं, ब्लॉक पुरवणं सगळं केलंय. त्या खाचा मोठ्या पुरुषी पंजाच्या हिशोबाने पाडलेल्या असतात. माझी बोटं खाचेत न बसता दोन खाचांमधल्या कंगोऱ्यावर येतात आणि दुपारपर्यंत बोटाच्या आतल्या बाजूला लाल वळ उठतात. शिवाय अवजार आपण एकाच जागी कुठे धरतो, कधी डोक्याजवळ धरून हलके ठोके मारतो, कधी शेवटाला धरून जोरात. खाच पडली की धरायची जागा ठरूनच गेली.

या कामावर बायका भरपूर असतात, ब्लॉक वाहून देणं आणि सांध्यात रेती झाडणं तर जास्त करून त्याच करतात, पण अवजार बनवताना त्यांचा हात कुणी मोजत नाही. दांडादादा, तुम्ही तरी मोजा. एकच मूठ सगळ्यांना बसवायची असेल तर ती खाचांशिवाय असू दे आणि जाडी मधली ठेवा. दोन मापं केलीत तर फारच उत्तम.

झाडूचा दांडा पण यादीत घ्या ही विनंती. आखूड झाडूने चौरस मीटरच्या चौरस मीटर सांधे भरायला लावतात, कंबर मोडून. छातीपर्यंत येणारा दांडा दिला तर उभ्याने होतं ते काम, त्यात डिझाइन वगैरे काही लागत नाही, फक्त द्यायची दानत लागते.

लाकडी_दांडा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, झाडू यादीत घेतला. मूठ दोन मापांत करणार, ३४ आणि ४० मिमीच्या आसपास, लंबगोल.

यंत्रकार, ब्लॉक धरायचं काहीतरी म्हणालात, म्हणजे एका हाताचा चिमटा का?

गुण्या

मध्येच बोलतो. चिमटा घेऊन ब्लॉक बसवणारा माणूस मी बघितलाय आणि चिमटा फेकून देणाराही बघितलाय. मजुरी चौरस मीटरवर असते. चिमटा ब्लॉकला लावायचा, उचलायचा, ठेवायचा, सोडवायचा यात ब्लॉकमागे दोन-तीन सेकंद जास्त गेले तर ५० ब्लॉकला पावणेदोन ते अडीच मिनिटं, आणि ४० चौरस मीटरला तासाच्या वर, कधी दीड तासाच्याही वर. एवढा वेळ कोण सोडेल? पाठ वाचते हे त्याला पटतंही, पण पोट आजचं आहे. कामाचा वेग घटवणारं अवजार कितीही चांगलं असलं तरी टिकत नाही हे माझं ठाम मत आहे, आणि यात मजुराची चूक काढणं मला अजिबात पटत नाही.

यंत्रकार

गुण्या, बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच छोट्या ब्लॉकला चिमटा नकोच असं माझंही म्हणणं आहे. छोट्या ब्लॉकला दोन गोष्टी पुरतात. एक म्हणजे बोटांच्या पेरांवर रबराचा थर असलेले पातळ, मापाचे हातमोजे. घर्षण वाढलं की दाब कमी लावावा लागतो. जाड चामडी मोजे नकोत, त्यात पकडच कमी होते. दुसरं, थप्पी कुठे लावलीय. बसवणाऱ्याच्या कोपरापासून पुढचा हात जेवढा फिरतो तेवढ्या टप्प्यात आणि जमिनीपासून वीतभर उंच थप्पी असली तर प्रत्येक ब्लॉकमागची कंबरेची पिळवट वाचते. ब्लॉक आणणाऱ्या गाडीचा तळच तेवढा उंच केला तर काम झालं.

चिमटा लागतो तो मोठ्या फरशीला. ६०० बाय ६०० ची ५० मिमी जाड काँक्रीटची फरशी ४० किलोच्या पुढे जाते. उचलण्याच्या हिशोबासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं जे सूत्र जगभर वापरतात त्यात अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, पिळवट नाही, अशा वेळी २३ किलो धरतात. जमिनीवरून, हात लांब करून उचलायची तर तो आकडा बराच खाली येतो. म्हणजे ही फरशी एकट्याने उचलायचीच नाही, दोघांत चिमटा हवा.

तो कात्रीसारखा करा, जेवढं वजन लटकेल तेवढाच जबडा आवळेल असा, मुठीने दाबून धरावं लागेल असा नको. मुठीचं काम फक्त वर ओढणं. हिशोब सोपा आहे: रबरी पॅड आणि काँक्रीटमधला घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर प्रत्येक बाजूने निदान फरशीच्या वजनाएवढा दाब पडला पाहिजे तेव्हा ती जेमतेम सुटत नाही. पॅडवर ओली सिमेंटची धूळ बसली की गुणांक घसरतो. म्हणून कात्रीचे कोन असे ठेवा की दाब वजनाच्या दुपटीच्या पुढे जाईल, आणि पॅड दोन स्क्रूवर बदलता आला पाहिजे. चिमटा चांगला आणि पॅड गुळगुळीत झालेला, हे सगळ्यात धोकादायक, कारण विश्वास बसलेला असतो आणि फरशी पायावर येते.

ओळंबा

पॅडचं अगदी खरं.

उपसायच्या आकड्याबद्दल मी सांगतो. मध्येच एखादा ब्लॉक फुटतो किंवा खाली बसतो, तो काढायचा म्हणजे जीव जातो. सांधा असतो २ ते ५ मिमीचा, त्यात रेती ठासून भरलेली. लोक पहारीने आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटतात, शेजारच्या ब्लॉकच्या कडा उडतात, बोटं चिरडतात. आकड्याची पाती त्या सांध्यात जायला हवी म्हणजे दीड-दोन मिमीच्या वर जाड करता येत नाही, आणि एवढी पातळ पाती साध्या पत्र्याची केली तर वाकते, स्प्रिंगच्या पोलादाची पाहिजे. दोन पाती समोरासमोरच्या सांध्यांत, टोकाला आत वळलेला छोटा नखासारखा भाग, वरती आडवी मूठ, तीही दोन्ही हातांची, आणि दांडा मांडीपर्यंत येईल एवढा. म्हणजे उभं राहून, गुडघे थोडे वाकवून, पायांच्या जोराने ओढता येतं. आधी सांध्यातली रेती पाण्याने किंवा हवेने काढायची, आकडा लावून डावी-उजवीकडे हलवत हलवत वर आणायचा. झटका मारायचा नाही. पहिला एक निघाला की बाजूचे हाताने निघतात.

आणि हातातून ठेवावं लागणार नाही असं अवजार म्हणालो होतो ना, तर दगडी फरसबंदी करणाऱ्या जर्मन कारागिरांचा एक हातोडा असतो, त्याच्या डोक्याची एक बाजू ठोकायची आणि दुसरी बाजू रुंद, खुरप्यासारखी. त्या बाजूने दगडाखालची रेती ओढायची, खड्डा करायचा, लगेच फिरवून ठोकायचं. थापी वेगळी नाही, हातोडा वेगळा नाही. एक अवजार कमी म्हणजे वाकून शोधणं कमी, उचलणं-ठेवणं कमी. ते लोक एका पायाच्या बुटक्या स्टुलावर बसून काम करतात, स्टूल कुठल्याही बाजूला कलतं त्यामुळे उठावं लागत नाही. ब्लॉकच्या कामाला ते डोकं जड पडेल, पण एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला पातळ रुंद पाती असं काहीतरी तुम्ही करून बघाच. ब्लॉक उंच बसला की चिमूटभर कच खालून काढायची असते, तेव्हा हमखास थापी सापडत नाही.

नवा_गडी

काका हे फारच भारी आहे, असा हातोडा मला आत्ता हवाय.

लाकडी_दांडा

मलाही. काका, रबराच्या बाजूचं वजन किती ठेवू? आणि पाती हातोड्याच्या दांड्याला काटकोनात की तिरकी?

ओळंबा

६० च्या ब्लॉकला पाऊण किलोच्या आतलं डोकं पुरतं. त्याहून हलकं केलं तर दोनाच्या जागी चार ठोके मारावे लागतात, मग हलकं करून काय मिळालं. फरशीला दीड किलोपर्यंत चालतं, तिथे हातोडा जोराने मारायचा नसतो, त्याला त्याच्या वजनाने पडू द्यायचं. आणि रबर पांढरं किंवा करडं घ्या, काळ्या रबराचे डाग फिक्या फरशीवर उठतात आणि मालक डोकं खातो.

पाती तिरकी. काटकोनात केली तर मनगट वळवून खरवडावं लागेल.

मणका_सरळ

पाती तिरकी हे अगदी योग्य. मनगट सरळ राहिलं तर पकड पूर्ण ताकदीची, वाकलं की ती झपाट्याने कमी होते आणि स्नायुबंध मनगटाच्या बोगद्यात घासायला लागतात. वाकायचं असेल तर अवजाराने वाकावं, मनगटाने नाही, हे सूत्र या विषयात फार जुनं आहे. फक्त ते आंधळेपणाने लावू नका. हातोड्याचा दांडाच वाकडा केला तर खाली मारताना मनगट सरळ राहतं पण हातोडा वर नेताना ते उलट्या बाजूला जास्त वळतं, आणि बाजूचा ठोका चुकायला लागतो. ब्लॉकच्या कामात दोन दिशांचे ठोके आहेत, एक वरून एक बाजूने, म्हणून दांडा सरळच ठेवा आणि वाक पातीला द्या.

रबरी डोक्याबद्दल एक सुचवते. पोकळ डोकं, आत छर्रे भरलेले, असे हातोडे येतात, ते उसळत नाहीत. उसळी रोखायला मनगट जो ब्रेक लावतं तो वाचतो. यंत्रकारांनी सांगावं परवडेल का ते.

आता गुडघे. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि आपण सगळे मुठीत अडकलो. गुडघे टेकून आणि उकिडवं बसून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांमध्ये वाटीसमोरची पिशवी सुजणं, गादी फाटणं, सांधा झिजणं हे नेहमीचं. पट्ट्यांचे गुडघेपॅड येतात त्यांची पट्टी गुडघ्यामागे, नेमकी लवणीत काचते, म्हणून लोक सैल बांधतात, मग पॅड घसरतं, मग काढूनच टाकतात. पँटलाच गुडघ्यावर खिसा शिवून त्यात फोमची जाड पट्टी घातली तर काही काचत नाही आणि चढवायचं-उतरवायचं विसरायला होत नाही. बसलेल्या ब्लॉकवर सरकणारी एक रुंद पाट असलेली गुडघेगाडी, मागे नितंब टेकायला छोटी बैठक, हे तर अजून चांगलं. टाचेवर पूर्ण बसलं की गुडघा पार दुमडतो, बैठक असली की तो कोन उघडा राहतो. दांडादादा, तुमच्या चारात हे पाचवं घाला. खरं तर पहिलं घाला.

गुण्या

गुडघेगाडीला माझा पाठिंबा. तिने वेग वाढतो, कारण माणूस उठ-बस करत नाही, सरकत जातो. यालाच मी विकलं जाणारं अर्गोनॉमिक्स म्हणतो.

लांब दांड्याचा हातोडा, उभ्याने मारायचा, त्याबद्दल काय मत आहे लोकांचं? मी आणलेला, कुणी वापरला नाही.

वाळूचाळणी

वापरणार नाहीतच. उभ्याने मारला तर ठोका कुठे बसतोय कळत नाही, ब्लॉक एका कोपऱ्यात खाली जातो. आणि ब्लॉक ठेवायला खाली जावंच लागतं, मग वर उठून मारायचं कशाला. मोठ्या फरशीला मात्र उपयोग होतो, दोघांनी चिमट्याने उभ्याने ठेवली आणि तिसऱ्याने लांब हातोड्याने बसवली. प्रत्येक कामाला उभं राहणंच बरं असं नसतं. फावड्याचं वेगळं, तिथे दांड्याच्या मध्यावर दुसरी छोटी मूठ लावली तर कच ओढताना निम्मं वाकणं वाचतं, ते आम्ही करून घेतलंय आणि कुणीही परत साध्या फावड्याला हात लावत नाही.

यंत्रकार

छर्र्यांचा हातोडा परवडेल, डोकं नळीतून कापून दोन्ही तोंडांना रबर किंवा नायलॉन बसवायचं, आत छर्रे पूर्ण भरायचे नाहीत, हलायला जागा ठेवायची. पण मग पातीची बाजू जोडता येणार नाही. दोन वेगळी मॉडेलं होतील.

मशीनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर (बसलेले ब्लॉक थरथरवून दाबणारं मशीन) आणि ब्लॉक कापायचा कटर हेही हातातच असतात. कंपनाचा युरोपातला नियम आहे, २००२ चा. आठ तासांच्या दिवसाचं सरासरी कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय करायचे, आणि ५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. यातली खाच अशी की कंपन दुप्पट झालं तर परवानगीचा वेळ निम्मा नाही, पाव होतो. ५ चं मशीन दोन तास चालवलं तरी दिवसाचा २.५ चा हिशोब पूर्ण होतो, १० चं चालवलं तर अर्ध्या तासात. कॉम्पॅक्टरच्या दांड्याखालचे रबरी बुश कडक होऊन चिरा पडल्या की सगळं कंपन सरळ हातात येतं, आणि ते बदलणं हे कुठलंही नवीन मशीन घेण्यापेक्षा स्वस्त.

मणका_सरळ

कंपनविरोधी हातमोजे म्हणून जे विकतात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. कॉम्पॅक्टरच्या कमी वारंवारितेच्या कंपनाला ते जवळजवळ काहीच अडवत नाहीत. हात कोरडे आणि ऊबदार राहतात हा फायदा खरा, कारण थंड हाताची बोटं लवकर पांढरी पडतात. १९१८ साली डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानामधल्या चुनखडी घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासून दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने बोटं कशी पांढरी पडतात ते लिहून ठेवलंय. शंभर वर्षांच्या वर झाली, आणि आजही माणूस येऊन सांगतो की बोटांना वारा लागला. याचा मला खरंच राग येतो.

कटरऐवजी जिथे जमेल तिथे लीव्हरचा ब्लॉक तोडायचा यंत्रचिमटा वापरा. धूळ जवळजवळ नाही, कंपन नाही, आवाज नाही. कड थोडी खडबडीत येते, पण कडेच्या ओळीला चालते. कटरच लागला तर पाणी सोडूनच, सुक्याने कापलेल्या काँक्रीटची सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

नवा_गडी

एक शेवटची शंका. दांडादादांनी नमुना केला तर तो चांगला झालाय हे कळणार कसं? हातात घेऊन मस्त वाटतं यावर तर आत्ताच मी पडलो ना.

यंत्रकार

चांगला प्रश्न. आधी खरा नमुना करूच नका. जुन्याच हातोड्याच्या दांड्यावर सायकलची ट्यूब आणि कापडी चिकटपट्टी गुंडाळून वेगवेगळ्या जाडीच्या मुठी करा, गुडघेगाडी फळीची आणि चार चाकांची करा. कामावर द्या आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा, समोरून नको, समोरून पाठीचा वाक दिसतच नाही. मग बघा, एका चौरस मीटरमध्ये किती वेळा कमरेत पूर्ण वाकला, अवजार किती वेळा खाली ठेवलं, किती वेळा तळहाताने धक्का दिला. काकांनी सांगितलेला धक्का बंद झाला तर हातोडा यशस्वी, मूठ कशी दिसते याला काही महत्त्व नाही.

वाळूचाळणी

आणि पहिल्या दिवशी मत विचारू नका. पहिल्या दिवशी सगळं नवीन अवजार एकतर फार आवडतं नाहीतर अडचणीचं वाटतं. आठवडाभर राहू द्या, कुणाला सक्ती करू नका, जुनं अवजारही शेजारी ठेवा. आठवड्यानंतर कुठलं झिजलंय ते बघा. आणि माणसाच्या आकृतीचा एक कागद द्या, संध्याकाळी दुखतंय तिथे फुली मारायला सांगा, सकाळी परत. सकाळीही तीच फुली राहिली तर ते थकवा नाही, दुखणं आहे. बायकांनाही तो कागद द्या, त्यांच्या फुल्या वेगळ्या जागी येतील.

लाकडी_दांडा

मंडळी, मनापासून आभार. क्रम बदलला. आधी गुडघेगाडी, मग रबर आणि तिरक्या पातीचा हातोडा, लंबगोल सरळ दांडा, १४० मिमी मूठ, दोन जाड्या, खाचा नाहीत. त्यानंतर स्प्रिंगच्या पोलादाचा आकडा आणि दोघांचा कात्रीचिमटा, पॅड बदलता येणारा. फावड्याची दुसरी मूठ आणि लांब झाडूचा दांडा यांना तर वर्कशॉपमध्ये एक दुपार पुरेल, ते लगेच करतो.

दांडा लाकडीच ठेवतोय. हाताला थंड-गरम लागत नाही, ठोक्याचा झणका कमी येतो, आणि मोडला तर कामावरच नवा घालता येतो. काका, डोकं निसटू नये म्हणून पाचर लाकडी घालू की लोखंडी?

ओळंबा

दोन्ही. आधी लाकडी पाचर लांबीत, मग लोखंडी तिला आडवी. दांडा वाळलेल्या लाकडाचा घ्या, ओला घेतलात तर महिन्याभरात डोकं हलायला लागेल. आणि रेषा दांड्याच्या लांबीत सरळ जाणारा तुकडा निवडा, तिरकी रेषा असली की तिथूनच मोडतो. पॉलिश जाड देऊ नका, नुसतं जवसाचं तेल पाजा. वॉर्निशचा दांडा घामाने सटकतो आणि फोड आणतो.

पहिला नमुना झाला की फोटो टाका इथे. बाजूने काढलेला, हातात धरलेला.